पाच रुपयांच्या नाण्यांनी तपासा घरातला काटा

रमजान जवळ आला की घरोघरी जकातीचा हिशेब सुरू होतो. तापी-गोमाईच्या संगमावरील आमच्या प्रकाशातही आता खिशात मावणारे इलेक्ट्रॉनिक काटे घरात आले आहेत. दागिने सराफाकडे न नेता घरीच तोलले जातात. पण काटाच चुकीचा असेल तर?

हनफी मतानुसार वापरातल्या दागिन्यांवरही जकात आहे. चांदीचा निसाब साडेबावन्न तोळे, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम. समजा, घरात केवळ चांदी आहे, तीही ६४० ग्रॅम. काटा शेकडा ५ कमी दाखवत असेल तर ती ६०८ ग्रॅमच भरेल. जकात लागू नाही असे आपण समजू, आणि गरिबांच्या हक्काची १६ ग्रॅम चांदी आपल्याच पेटीत राहील.

तपासणी सोपी आहे. २०११ ते २०१८ या सालांची पाच रुपयांची २० नाणी घ्या. अशा प्रत्येक नाण्याचे ठरलेले वजन ६ ग्रॅम असते. जुने जाड नाणे ९ ग्रॅमचे आणि नव्या मालिकेतले ६.७४ ग्रॅमचे, म्हणून ती मिसळू नका. नाणी धुऊन पुसा. काटा सपाट, कडक जागी ठेवून शून्यावर आणा. आधी ५ नाणी ठेवा, मग १०, मग २०. आकडे ३०, ६० आणि १२० च्या आसपास यावेत. एखादे नाणे झिजलेले असते, त्यामुळे थोडा फरक चालेल. मात्र २० नाणी ११४ ग्रॅम दाखवत असतील तर तो काटा जकातीच्या कामाचा नाही. दागिने सराफाकडेच तोलून घ्या.

नाण्याने तोलणे आपल्याकडे नवे नाही. इंग्रजी अमलात चांदीचा रुपया म्हणजेच एक तोळा, सुमारे ११.६६ ग्रॅम, असे ८० तोळे म्हणजे एक शेर.

मात्र ही तपासणी घरापुरतीच. विक्रीसाठी वापरायच्या काट्यावर वैधमापन खात्याची पडताळणी आणि शिक्का लागतोच.

मापात खोट करणाऱ्यांवरून कुरआनात ‘अल-मुतफ्फिफीन’ ही स्वतंत्र सूरह आहे. हजरत शुऐब (अ.स.) यांनी मदयनच्या लोकांना वजन-माप पुरे ठेवण्याचीच ताकीद दिली होती. ती केवळ दुकानदारांसाठी नाही. जकात काढताना तराजू आपल्या हाती असतो. म्हणून या वर्षी दागिन्यांआधी काटा तपासू या, आणि सोने, रोकड, कर्ज यांचा हिशेब आलिमांना विचारून पुरा करू या.