सांडपाणी प्रक्रिया केंद्रातील खंडित नायट्रीकरण व त्याची पुनःस्थापना

प्रस्तावना :
नगरपालिकेच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणारे पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसते, त्याची जैवरासायनिक प्राणवायू मागणी, म्हणजेच बीओडी, मर्यादेत असते. तरीही त्यात अमोनिया भरपूर असू शकतो. हा अमोनिया माशांना विषारी ठरतो, नदीतील विरघळलेला प्राणवायू खर्च करतो आणि खालच्या गावाच्या जलशुद्धीकरणात क्लोरीनशी संयोग पावून निर्जंतुकीकरण दुर्बल करतो. भारतात २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेने या केंद्रांसाठी सामू, बीओडी, निलंबित घनपदार्थ व विष्ठाजन्य कोलीफॉर्म यांच्या मर्यादा ठरविल्या; त्यांत अमोनिया नव्हता. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१९ च्या आदेशात एकूण नायट्रोजनचा विचार झाला. केवळ बीओडीवर लक्ष ठेवल्यास नायट्रीकरण बंद पडल्याचे ध्यानात येत नाही. ते का बंद पडते व पुन्हा कसे सुरू करता येते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

प्रक्रियेचे स्वरूप :
नायट्रीकरण दोन टप्प्यांत घडते. नायट्रोसोमोनाससारखे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. नायट्रोस्पायरा, नायट्रोबॅक्टर इत्यादी जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. दोन्ही टप्पे एकटाच पार पाडणारा जीवाणूही असतो, हे २०१५ मध्ये सिद्ध झाले. हे जीवाणू स्वयंपोषी असून त्यांची वाढ अतिशय मंद असते. सेंद्रिय पदार्थांवर जगणारे जीवाणू काही तासांत दुप्पट होतात. यांना एक दिवस किंवा अधिक काळ लागतो. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनच्या नायट्रीकरणासाठी सुमारे ४.५७ ग्रॅम प्राणवायू व कॅल्शियम कार्बोनेटच्या परिमाणात ७.१४ ग्रॅम अल्कता लागते.

दोन ऐतिहासिक प्रयोग :
१८७७ मध्ये श्लोसिंग व म्युंझ यांनी फ्रान्समध्ये वाळू व चुनखडीच्या स्तंभातून सांडपाणी हळूहळू झिरपविले. सुमारे २० दिवस नायट्रेट आढळले नाही, नंतर ते दिसू लागले. क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच प्रक्रिया थांबली. क्लोरोफॉर्म निघून गेल्यावर मातीचे धुवण टाकले, तेव्हा ती पुन्हा सुरू झाली. विषाचे निवारण, जीवाणूंचे विरजण आणि प्रतीक्षा, हे पुनःस्थापनेचे सूत्र या प्रयोगातच आहे. १९१४ मध्ये मँचेस्टर येथे अर्डर्न व लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा सोडली. पूर्ण नायट्रीकरणास प्रथम आठवडे लागले. मात्र तळाशी बसलेला गाळ प्रत्येक वेळी राखून ठेवल्यावर तेच काम २४ तासांत होऊ लागले. सक्रियित गाळ पद्धतीचा उगम तो हाच. त्यांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले.

खंड पडण्याची कारणे :
१) गाळाचे वय कमी होणे : समजा, टाकीत २०,००० किलो गाळ आहे व रोज ५,००० किलो काढला जातो; तर गाळाचे वय ४ दिवस होते. थंडीत, जीवाणूंची वाढ मंदावल्यावर, ते अपुरे ठरते व जीवाणू वाहून जातात. पाण्याचे तापमान २० वरून १० अंश सेल्सिअसवर आल्यास वाढीचा वेग निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो.
२) प्राणवायूची कमतरता : विरघळलेला प्राणवायू लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम असावा.
३) अल्कतेची तूट : ४० मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनला सुमारे २८६ मिलिग्रॅम अल्कता लागते. पाण्यात २५० च असल्यास सामू घसरतो व प्रक्रिया मध्येच थांबते.
४) विषारी द्रव्ये : कारखान्यांतून येणारे जड धातू, सायनाइड, थायोयुरिया इत्यादी.

पुनःस्थापनेचा क्रम :
प्रथम अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, अल्कता, सामू व प्राणवायू रोज मोजावेत. नायट्राइट साचत असल्यास दुसरा टप्पा अडला आहे, असे समजावे. एक मिलिग्रॅम नायट्राइट-नायट्रोजन सुमारे ५ मिलिग्रॅम क्लोरीन फुकट घालवितो. त्यानंतर विषारी द्रव्याचा उगम शोधून तो बंद करावा. गाळ काढणे कमी करावे. वरील उदाहरणात रोज २,००० किलोच काढल्यास वय १० दिवस होते. मात्र घट्ट झालेल्या गाळाने निवळण टाकीवर ताण येतो व प्राणवायूची गरज वाढते, याचे भान ठेवावे. अल्कता चुना किंवा खाण्याच्या सोड्याने भरून काढावी. शेवटी, जवळच्या चांगल्या चाललेल्या केंद्रातील गाळ विरजण म्हणून आणावा. हे पाऊल आधीच उचलल्यास आणलेले जीवाणूही मूळ कारणाला बळी पडतात.

निष्कर्ष :
बंद पडलेले नायट्रीकरण यंत्राची कळ दाबून सुरू होत नाही. कारण दूर करणे, गाळ राखणे व जीवाणूंना वाढीसाठी आवश्यक तो वेळ देणे, हाच मार्ग होय. म्हणून अमोनियाचे दैनंदिन मापन हा प्रत्येक केंद्राच्या नोंदवहीचा अनिवार्य भाग असावा. बिघाड पहिल्याच आठवड्यात कळला, तर नदीला त्याची किंमत मोजावी लागणार नाही.