स्मार्ट टीव्ही आला, बिल कोण भरणार?

पेण तालुक्यातल्या वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेचा जमाखर्च एका पानात मावतो. पट तीस किंवा त्याहून कमी असेल, तर समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला १०,००० रुपये संयुक्त शाळा अनुदान. शंभरापर्यंत असेल, तर २५,०००. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेचा. उरलेल्यात खडू, डागडुजी, वीजबिल. बाकी सगळं लोकसहभागावर.

देणाऱ्यांची इथे वानवा नाही. वर्गणी मागणं आणि देणं गणपतीच्या मूर्तींसाठी ओळखल्या जाणाऱ्या पेणला नवं नाही. डोलवीला पोलादाचा कारखाना, रोह्याजवळ धाटावला रासायनिक कंपन्यांची वसाहत. आणि २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले आहेत. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळाने जिल्ह्यातल्या शाळांचे पत्रे उडवले, तेव्हा काय द्यायचं हे कुणाला विचारावं लागलं नाही. एरवी मात्र भिंतीवरचं चित्र, दप्तरं, टीव्ही यांना आधी हात जातो, कारण त्यांचा फोटो निघतो. वीजबिलाचा निघत नाही.

२०२३च्या दत्तक शाळा योजनेत मदत रोखीने नव्हे, वस्तू आणि सेवांच्या रूपात घ्यायची, असं ठरलं. ग्रामीण भागात पाच वर्षांसाठी ५० लाख, दहा वर्षांसाठी एक कोटी मोलाची मदत केली, तर शाळेला देणगीदाराचं नावही जोडता येणार. या नावावर टीकाही झाली. मला खटकतं ते वेगळंच. याच तालुक्यातल्या गागोद्यात १८९५ साली जन्मलेल्या विनोबांनी संपत्तिदान मागितलं, तेव्हा पैसा दात्याकडेच राहायचा. तो कशावर खर्चायचा, हे मात्र विनोबा सांगत. इथे पैसाही दात्याचा आणि बहुतेकदा निवडही त्याचीच.

खरं तर सांगणारं माणूस कायद्याने नेमलेलं आहे. शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या सदस्य महिला, आणि शाळेचा विकास आराखडा करणं हे तिचंच काम. पण कातकरी वाडीवरचे कितीतरी पालक दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, पोरांनाही घेऊन. समितीची बैठक आणि वर्ग, दोन्ही अर्धे रिकामे. अशा शाळेला सर्वांत उपयोगी देणगी म्हणजे मुलांना मागे ठेवता यावं म्हणून त्यांचं सहा महिन्यांचं जेवण आणि रात्री त्यांच्याजवळ थांबणारी एखादी बाई. हंगामी वसतिगृहाची सरकारी योजना याचसाठी आहे. तिला जोड देणारा दाता हवा, आणि त्याने निदान पावसाळ्यातच विचारायला यावं. दिवाळी उलटल्यावर उपयोग नाही.