छायाचित्राची पार्श्वभूमी बदलते कशी?

जत्रेतल्या फोटो स्टुडिओत पूर्वी एक रंगवलेला पडदा असे. त्यावर कधी ताजमहाल असे, तर कधी कारंजे आणि बाग. नवे जोडपे त्यापुढे उभे राहून हौसेने फोटो काढून घेई. यात कोणाची फसवणूक नव्हती, कारण तो पडदा आहे हे फोटो पाहणाऱ्यालाही कळत असे. आज तेच काम संगणकावर, इतकेच काय फोनवरही, क्षणात होते. फरक एवढाच की पडदा आता पडदा म्हणून ओळखू येत नाही. म्हणूनच हे काम कसे चालते ते विद्यार्थ्यांना समजले पाहिजे. त्यासाठी लागणारे गणित अपूर्णांक आणि साध्या समीकरणांपलीकडचे नाही.

आकड्यांचा तक्ता

संगणकातले छायाचित्र म्हणजे बारीक चौकटींचा एक मोठा तक्ता असतो. यातल्या प्रत्येक चौकटीला पिक्सेल म्हणतात. प्रत्येक पिक्सेलसाठी तांबडा, हिरवा व निळा या रंगांचे तीन आकडे साठवलेले असतात. बहुधा ते ० ते २५५ यांच्या दरम्यान असतात. तिन्ही आकडे ० असतील तर काळा रंग दिसतो आणि तिन्ही २५५ असतील तर पांढरा.

पार्श्वभूमी बदलायची म्हणजे कोणता पिक्सेल व्यक्तीचा आणि कोणता मागचा हे ठरवायचे. फोटोशॉप हे सॉफ्टवेअर १९९० मध्ये बाजारात आले आणि गिम्प हे विनामूल्य सॉफ्टवेअर १९९६ मध्ये. दोन्हींत यासाठी ‘मास्क’ वापरतात. मूळ चित्राच्याच मापाचे हे एक करडे चित्र असते. मास्क जेथे पांढरा तेथे मूळ चित्र दिसते, जेथे काळा तेथे ते झाकले जाते आणि खालचे नवे चित्र दिसू लागते. मूळ पिक्सेल पुसले जात नाहीत, त्यामुळे चूक झाली तर मास्क पुन्हा रंगवता येतो.

खरी अडचण कडेला

पण मास्कमध्ये करडा रंग कशासाठी? उत्तर कडेच्या पिक्सेलमध्ये आहे. केसाची बट पिक्सेलचा थोडाच भाग व्यापते, उरलेल्या भागातून मागची भिंत दिसते. कॅमेरा त्या दोन्हींचा मिळून एकच रंग नोंदवतो. म्हणजे हा पिक्सेल पूर्णपणे व्यक्तीचाही नसतो आणि भिंतीचाही नसतो.

हिशेब सोपा व्हावा म्हणून तीन रंगांऐवजी उजळपणाचा एकच आकडा घेऊ. समजा, केसांचा आकडा २० आहे, पांढऱ्या भिंतीचा २४० आहे आणि केसांनी पिक्सेलचा ०.४ भाग व्यापला आहे. मग कॅमेऱ्याने नोंदवलेला आकडा असा असेल :

०.४ × २० + ०.६ × २४० = ८ + १४४ = १५२

आता मागे गर्द झाडी आणायची आहे आणि तिचा आकडा ५० आहे. तर खरा आकडा असा हवा :

०.४ × २० + ०.६ × ५० = ८ + ३० = ३८

आपण तो पिक्सेल जसाच्या तसा ठेवला तर ३८ च्या जागी १५२ राहतात आणि केसांभोवती पांढरट किनार दिसते. तो पुरता काढून टाकला तर केस कात्रीने कापल्यासारखे दिसतात. घाईने केलेल्या चित्रांत हे दोन्ही दोष सहज सापडतात.

वरच्या ०.४ या प्रमाणाला ‘अल्फा’ म्हणतात. थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ मध्ये अल्फा वापरून चित्रे एकावर एक बसवण्याचे नियम पद्धतशीर मांडले.

समीकरणे कमी, अज्ञाते जास्त

पण अल्फा ०.४ आहे हे आपण आधीच गृहीत धरले होते. प्रत्यक्षात एका पिक्सेलचे तीनच आकडे हाती असतात, म्हणजे समीकरणे तीन. अज्ञाते मात्र सात : व्यक्तीच्या रंगाचे तीन आकडे, मागच्या रंगाचे तीन आणि अल्फा. तीन समीकरणांतून सात अज्ञातांची निश्चित उत्तरे निघत नाहीत, हे विद्यार्थी लगेच सांगतील.

चित्रपटवाल्यांनी यावर तोड काढली ती मागे निळा पडदा लावून. मागचा रंग माहीत झाला की अज्ञाते चार उरतात. निळाच का? तर माणसाच्या त्वचेत निळ्याचा अंश कमी असतो. पेट्रो व्लाहोस यांनी हे तंत्र सुधारले आणि १९५९ च्या ‘बेन-हर’ चित्रपटात ते वापरले गेले. आता हिरवा पडदा अधिक दिसतो. डिजिटल कॅमेऱ्यांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या रंगजाळीत निम्मे संवेदक हिरव्याचे असतात, हे त्याचे एक कारण.

तरीही समीकरणे तीन आणि अज्ञाते चार. मग? ॲल्व्ही रे स्मिथ आणि जेम्स ब्लिन यांनी १९९६ मध्ये दाखवले की, तीच वस्तू दोन वेगळ्या रंगांच्या पडद्यांपुढे टिपली तर समीकरणे सहा होतात आणि उत्तर निघते. आपल्याच उदाहरणात पाहू. काळ्या कागदापुढे (आकडा ०) तो पिक्सेल ८ देईल आणि पांढऱ्यापुढे १५२. फरक १४४ हा केवळ कागदांमुळे पडला. १४४ ÷ २४० = ०.६ एवढा भाग कागदाचा, म्हणून अल्फा ०.४ आणि केसांचा आकडा ८ ÷ ०.४ = २०.

वर्गात गवताचा तुरा घेऊन हा प्रयोग करता येईल. तुरा आणि कॅमेरा हलू देऊ नयेत आणि कॅमेऱ्याची आपोआप प्रकाश जुळवण्याची सोय बंद ठेवावी. उत्तर अगदी नेमके येणार नाही, कारण प्रकाशाचे आकडे साठवताना कॅमेरा त्यांत काही बदल करतो.

फोनमधली सॉफ्टवेअर दुसरा फोटो मागत नाहीत. असंख्य चित्रांवरून ‘शिकलेल्या’ नमुन्यांच्या आधारे ती अल्फाचा अंदाज बांधतात. अंदाज बहुतेक वेळा चांगला असतो, पण तो अंदाजच.

पाहणाऱ्याने काय करावे?

सोव्हिएत संघात १९३७ मध्ये मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठी स्टालिन आणि येझोव्ह यांचे एकत्र छायाचित्र काढले गेले. येझोव्हला १९४० मध्ये देहदंड झाला. त्यानंतरच्या प्रतीत तो उभा होता तेथे फक्त कालव्याचे पाणी दिसते. तेव्हा असल्या कामाला कसबी हात लागत. आता ते शाळकरी मुलालाही जमते.

म्हणून विद्यार्थ्यांना फोटो तपासायला शिकवावे. केसांची कड पाहावी. व्यक्तीवरचा प्रकाश आणि मागचा प्रकाश एकाच दिशेने येतो का, पायांशी सावली आहे का, गालावर नसलेल्या पडद्याची हिरवी झाक आहे का, हे पाहावे. मात्र दोष सापडला नाही म्हणजे फोटो खरा, असे होत नाही. तो कोणी काढला, कोठे, केव्हा आणि तो आपल्यापर्यंत कसा आला, हे विचारावेच लागते. वाढदिवसाच्या फोटोमागे हिमालय लावला तर बिघडत नाही. बातमीच्या फोटोमागे दुसरेच गाव लावले तर बिघडते. तंत्र दोन्हीकडे एकच असते. पाहणाऱ्याला पडदा लावल्याचे सांगितले आहे की नाही, एवढाच काय तो फरक.