आगोटीच्या बाजारातला माठ आणि बुरुडाचे सूप

वसई / प्रतिनिधी

होळी पेटून गेली, की वसई-विरारच्या रस्त्यांची कड बदलू लागते. वसई, नालासोपारा आणि विरार स्थानकांच्या परिसरात कालपर्यंत मोकळ्या असलेल्या कोपऱ्यांवर गवताच्या पेंढ्यात रचलेले माठ, रांजण, सुरया आणि तोटीची मडकी दिसू लागतात. त्यांच्या शेजारी सुपे, टोपल्या, रोवळ्या आणि केरसुण्यांचे ढीग पडतात. पापडी येथे शुक्रवारी भरणाऱ्या आठवडी बाजारातही मे महिन्यात गर्दी वाढते, कारण तेथे येणारे गिऱ्हाईक केवळ उन्हाळ्याची नव्हे, तर पावसाळ्याचीही खरेदी करीत असते. किनाऱ्यावरच्या गावांत या बेगमीला ‘आगोट’ म्हणतात. सुके बोंबील, जवळा, मिरच्या, कांदे आणि डाळी यांच्या जोडीने हाताने घडविलेल्या वस्तूंचा हा बाजार उभा राहतो आणि मृगाच्या पहिल्या सरींबरोबर उठून जातो.

शहरी ग्राहक या वस्तूंकडे अलीकडे हौसेच्या नजरेने पाहू लागला आहे. दिवाणखान्यात शोभेसाठी एखादे मडके, भिंतीवर टांगण्यासाठी एखादे सूप, असा तो व्यवहार असतो. पण हा बाजार हौसेवर उभा नाही. माती आणि बांबू या दोन पदार्थांचे जे गुण आहेत, ते दुसऱ्या कशात सहजासहजी सापडत नाहीत, म्हणून तो टिकून आहे. त्यातील माठाचा गुण तर समजून घेण्यासारखा आहे.

घाम गाळणारे भांडे

माठाची माती मळताना कुंभार तिच्यात राख, बारीक वाळू किंवा लीद मिसळतो. चाकावर गळा आणि खांदा उतरला, की ओलसर भांड्याच्या आत दगडी गोळा धरून बाहेरून लाकडी थापीने ते ठोकत वाढविले जाते. त्यामुळे पोट फुगते आणि भिंत पातळ व सारखी होते. पुढे आव्यात साधारण ७०० ते ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास ते भाजले जाते. या उष्णतेला माती कठीण होते, परंतु काचेसारखी वितळून एकजीव होत नाही. लिदीतील काडीकचरा जळून जातो आणि त्याच्या जागी सूक्ष्म छिद्रे राहतात. चिनी मातीची बरणी याहून पुष्कळ अधिक तापमानाला भाजलेली आणि वरून काचेचा थर दिलेली असते. ती लोणच्याला उत्तम, पाणी गार करण्यास मात्र निरुपयोगी.

या छिद्रांतून पाणी झिरपून माठाच्या बाहेरच्या अंगावर येते आणि वाफ होऊन उडून जाते. वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता ते आतल्या पाण्यातून घेते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. म्हणजे एक लिटर पाण्यातील अवघे वीस ग्रॅम पाणी उडाले, तर उरलेले पाणी हिशेबाने अकरा-बारा अंशांनी थंड व्हावयास हवे. प्रत्यक्षात बाहेरची ऊब आत शिरत राहते, त्यामुळे तेवढा लाभ पदरात पडत नाही. तरीही वीज न वापरता एवढे काम करणारे दुसरे भांडे घरात नसते.

येथेच वसईकरांची अडचण सुरू होते. हवा जितकी कोरडी, तितकी वाफ जलद. नागपूरला मे महिन्यातील एखाद्या दुपारी पारा ४४ अंशांवर आणि हवेतील आर्द्रता १५ टक्के असेल, तर माठातील पाणी तत्त्वतः २३ अंशांच्या जवळपास उतरू शकते. वसईत त्याच वेळी तापमान ३४ अंशच असेल, पण आर्द्रता ६५ टक्के असल्यास २८ अंशांच्या खाली जाणे त्याला शक्य नाही. ज्या गावात ऊन कमी, त्याच गावात माठ कमी गार, असा हा उफराटा न्याय आहे. किनाऱ्यावरच्या जुन्या घरांत माठ स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात न ठेवता ओटीवर किंवा खिडकीपाशी, वारा लागेल अशा जागी तिवईवर ठेवीत, यामागे हेच कारण आहे. दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा माठाभोवती साचलेली दमट हवा हटवितो. सदनिकेत राहणाऱ्याने माठ फ्रीजशेजारी ठेवला, तर तो गार होत नाही अशी तक्रार करण्यात अर्थ नाही.

खरेदी करतानाही या छिद्रांचा विचार करावा लागतो. सध्या बाजारात तैलरंगाने फुले-पाने रंगविलेले माठ मोठ्या संख्येने येतात. ते देखणे असतात, पण रंगाने छिद्रे बुजतात आणि माठाची साधी टाकी होते. गेरूचा हात दिलेला किंवा अंगचा रंग तसाच ठेवलेला माठ केव्हाही बरा. बोटाने ठोकून पाहिल्यावर स्वच्छ, खणखणीत आवाज आला, तर तो नीट भाजलेला आणि बिनतड्याचा समजावा. बद्द आवाज आला, तर दुसरा उचलावा. नवा माठ दिवसभर पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्यावे. साबण मात्र कधीही लावू नये, कारण तो छिद्रांत शिरून राहतो. वसई पट्ट्यात विहिरीचे आणि कूपनलिकेचे पाणी अनेक ठिकाणी मचूळ आहे. असे पाणी वापरले, तर वाफेबरोबर क्षार मागे राहतात, माठाच्या अंगावर पांढरा थर धरतो आणि एक-दोन उन्हाळ्यांत तो गार करणे सोडतो. दरवर्षी नवा माठ घेण्याची रीत ही केवळ अक्षय्यतृतीयेच्या उदककुंभापुरती नाही, तिला असा व्यावहारिक आधारही आहे.

बुरुड राजाचा कोट

माती आणि बांबू यांची ही जोडी या गावाला नवी नाही. नालासोपाऱ्याजवळ मर्देस येथील टेकाडाला लोक ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून ओळखत. बुरुड म्हणजे सुपे-टोपल्या विणणारा कारागीर. प्राचीन शूर्पारक बंदराच्या या परिसरात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी एप्रिल १८८२ मध्ये ते टेकाड उकरले, तेव्हा आत बौद्ध स्तूप निघाला. स्तूपाच्या मध्यभागी दगडी पेटी होती आणि तिच्यात आठ ब्राँझ मूर्तींच्या मधोमध एकात एक ठेवलेले करंडक होते. तांब्याच्या आत चांदीचा, त्याच्या आत दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. त्या सोन्याच्या करंडकात रत्ने नव्हती. होत्या त्या मातीच्या भांड्याच्या तेरा बारीक खापऱ्या. बुद्धाच्या भिक्षापात्राचे हे तुकडे म्हणून श्रद्धेने जपलेले असावेत, असा भगवानलालांचा तर्क होता. हा ठेवा आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. ज्या शहराच्या सर्वांत मौल्यवान पेटीत खापऱ्या सापडल्या, त्याच शहरात कुंभाराला पदपथावर हातभर जागेसाठी झगडावे लागते.

बांबूच्या वस्तूंचे काम माठाच्या नेमके उलट आहे. माठाला ओल लागते, टोपलीला हवा. रोवळीत धुतलेल्या तांदळाचे पाणी निथळते, सुपात फोलपट उडते, हाऱ्यात भाजी कोंदट होत नाही. जूनच्या तोंडावर शेतावर जाणारे गिऱ्हाईक पूर्वी इरलेही आवर्जून मागत असे. बांबूच्या सांगाड्यावर पाने घालून केलेली ही पाठीवरची झोपडीच. प्लॅस्टिकच्या कापडाने तिची जागा केव्हाच घेतली. सूप मात्र प्लॅस्टिकचे निघूनही हटलेले नाही. पाखडण्यासाठी लागणारी पृष्ठभागाची किंचित खरखर आणि हलकेपणा प्लॅस्टिकला साधत नाही.

बांबू मिळविण्यातील एक जुना अडसर २०१७ मध्ये दूर झाला. भारतीय वन अधिनियमातील दुरुस्तीने वनाबाहेर वाढलेला बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला. त्यामुळे खासगी जमिनीवरील बांबू तोडणे व नेणे सुलभ झाले. मातीच्या बाबतीत उलट घडले. मुंबई परिसरात विकली जाणारी मातीची भांडी बव्हंशी धारावीच्या कुंभारवाड्यातून आणि गुजरातेतून येतात. नगरपालिका आणि गावे एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी स्थापन झालेल्या वसई-विरार महापालिकेच्या हद्दीत २०११ च्या जनगणनेनुसार १२ लाखांहून अधिक लोक राहात होते. एवढ्या वस्तीत चिकणमाती खणायला तळे, मडकी वाळवायला अंगण आणि आवा पेटविला तर धुराची तक्रार न करणारा शेजार, हे तिन्ही मिळणे दुरापास्त झाले आहे.

सरकारी योजनांनी या अडचणीच्या सोप्या भागाला हात घातला आहे. खादी व ग्रामोद्योग आयोगाने २०१८ पासून कुंभारांना विजेवर चालणारी चाके दिली. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत कुंभार आणि टोपल्या, चटया, केरसुण्या करणारे कारागीर यांचा समावेश आहे. अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत सवलतीच्या व्याजाने कर्ज, असे तिचे स्वरूप आहे. चाक फिरविण्याचे कष्ट यामुळे वाचतात, हे खरेच. परंतु घडविलेला माल विकावयाचा कोठे, हा प्रश्न चाकाने सुटत नाही.

त्याचे उत्तर २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात शोधावे लागते. पालिकेने किमान पाच वर्षांतून एकदा विक्रेत्यांचे सर्वेक्षण करावे, त्यांना प्रमाणपत्रे द्यावीत आणि विक्रीची क्षेत्रे ठरवावीत, असे हा कायदा सांगतो. वडापाव किंवा भाजी विकणारा विक्रेता वर्षभर त्याच कोपऱ्यावर असतो, त्यामुळे सर्वेक्षण केव्हाही झाले तरी तो सापडतो. माठवाला मार्च ते जून एवढाच दिसतो. गणना पावसाळ्यात झाली, तर त्याची नोंद होण्याची शक्यताच कमी आणि नोंद नाही म्हणून पुढच्या उन्हाळ्यात तो अनधिकृत. अतिक्रमणाची गाडी आली, तर भाजीवाला पाटी उचलून गल्लीत शिरू शकतो. शंभर माठ कोणी खांद्यावर घेऊन पळू शकत नाही, आणि घाईने उचललेला माठ बहुधा फुटतोच. प्रत्येक प्रभागात एखादे मैदान किंवा रुंद पदपथ या तीन-चार महिन्यांपुरता हंगामी बाजार म्हणून आखून दिला, तर ना रहदारीला अडथळा होईल, ना कारागिराच्या मालाची खापरे होतील. गणेशोत्सवात मूर्तींच्या मंडपांना ठरावीक काळाची परवानगी देण्याची पद्धत पालिकांना नवी नाही.

मुंबई परिसरात मोसमी पाऊस दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून मानली जाते. त्याआधीच्या आठवड्यात माठांचा भाव उतरतो, कारण उरलेला माल परत नेण्याचे भाडे आणि वाटेतील तूटफूट विक्रेत्याला परवडत नाही. भाजलेले मडके भिजून विरघळत नाही, म्हणून काही जण ते उलटे रचून, वर ताडपत्री टाकून पुढच्या हंगामापर्यंत ठेवतात. बांबूचे तसे नाही. दमट हवेत सुपा-टोपल्यांवर बुरशी चढते, त्यामुळे त्या मिळेल त्या किमतीला विकून टाकाव्या लागतात. नवी मडकीही आता वाळणार नसतात. पाऊस उघडेपर्यंत चाक बंद राहते आणि ते पुन्हा फिरते ते नवरात्राच्या घटांसाठी आणि दिवाळीच्या पणत्यांसाठी.