शाईवाचून लेखन

पुण्या-मुंबईपासून दूर राहणाऱ्या मराठी लेखकाला पूर्वी एक दंड भरावा लागे. बडोदे, इंदूर वा ग्वाल्हेर येथून धाडलेला मजकूर संपादकांच्या मेजावर महिनोन्महिने पडून राही, आणि पुष्कळदा 'साभार परत' या दोन शब्दांसह घरी येई. आता आमच्या बडोद्यातील एखादी गृहिणी रात्रीची जेवणे आटोपल्यावर मोबाईलवर लेख लिहिते, आपल्या ब्लॉगवर प्रसिद्ध करते, आणि उजाडेपर्यंत तिला परदेशातून दाद आलेली असते.

हे मुख्यत्वे युनिकोडमुळे साधले. १९९१ साली निघालेल्या या संकेतपद्धतीत देवनागरीला आरंभापासूनच स्थान मिळाले. परंतु ती सर्वत्र रुळेपर्यंत प्रत्येक फॉन्टचे संकेत निराळे असत. एका संगणकावरील लेख दुसऱ्यावर उघडावा, तर अक्षरांची खिचडी!

लेखनाची घडणही पालटली. परिच्छेद आखूड झाले, बोलीला धीर आला. आपल्या घरांतली गुजराथी वळणाची मराठी संपादक निमूटपणे 'शुद्ध' करीत. ती आता जशीच्या तशी वाचकांपुढे येते. याचा मला आनंदच वाटतो. तथापि संपादकाबरोबर त्याची लाल शाईही गेली, आणि दुसरा खर्डा करण्याची निकड उरली नाही. खोडलेली ओळ मागमूस न ठेवता नाहीशी होते. लेखक कोठे अडखळला, हे पुढील अभ्यासकाला कसे कळावे?

त्याहून मोठी चिंता जपणुकीची. 'जिओसिटीज'ची अमेरिकेतील सेवा २००९ साली बंद पडली, तेव्हा हौशी लोकांनी रचलेल्या असंख्य पानांपैकी संग्राहकांनी उतरवून घेतली तेवढीच वाचली. 'गूगल प्लस' २०१९ मध्ये मिटले. मालकाने दुकान आवरले की आतले वाङ्मयही जाते. याउलट सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकन ग्रंथपाल बोर्डन यांस पाचारण करून येथे ग्रंथालयांची घडी बसविली. त्यांचे मध्यवर्ती ग्रंथालय आजही उभे आहे. कागदाला वाळवी लागते खरी. पण कपाटात राहण्यासाठी त्याला कोणा कंपनीची मर्जी लागत नाही.

तेव्हा लिहित्या मुला-सुनांना अडवू नये. मात्र वर्षाअखेर निवडक दहा लेख पुन्हा तपासून कागदावर उतरवावेत. एक प्रत घरी ठेवावी, एक ग्रंथालयास द्यावी. आजोबांची पत्रे आज आपल्या हाती आहेत, ती कोणीतरी जपून ठेवली म्हणूनच.