उतारूंच्या आगबोटी आणि पाणबुड्या : काही रूढ समज

युद्धकाळात पाणबुड्यांनी उतारूंच्या आगबोटी बुडविल्याचा विषय निघाला की 'लुसितानिया' या ब्रिटिश आगबोटीचे नाव हटकून पुढे येते, आणि त्या नावाबरोबर येणाऱ्या समजुती इतक्या रुळलेल्या आहेत की, दप्तर उघडून त्या पडताळून पाहण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. त्या आगबोटीवर दोन टॉर्पेडो आदळले, असे अनेकजण सांगतात. वस्तुतः 7 मे 1915 रोजी दुपारी आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यानजीक 'यू-20' या जर्मन पाणबुडीचा कप्तान वाल्टर श्वीगर याने एकच टॉर्पेडो सोडल्याचे त्याच्या रोजनिशीत नमूद आहे. दुसरा स्फोट झाला तो बोटीच्या पोटातच, आणि तो वाफेचा, कोळशाच्या भुकटीचा की दारूगोळ्याचा, यावर जाणकारांत अद्याप मतभेद आहे.

जीवरक्षक होड्या अपुऱ्या होत्या हीदेखील चुकीची समजूत. 'टायटॅनिक'च्या अपघातानंतर होड्यांची संख्या वाढविण्यात आली होती. परंतु बोट उजव्या अंगास अशी कलली की डावीकडच्या होड्या आत डेकवर झुकल्या, उजवीकडच्या बाहेर दूर लोंबू लागल्या, आणि त्या मधल्या पोकळीवरून लेकराबाळांसह होडीत पाऊल टाकणे उतारूंना भाग पडले. अठराच मिनिटे मिळाली. 48 होड्यांपैकी अवघ्या सहा सुखरूप पाण्यावर उतरल्या, आणि सुमारे 1200 माणसे प्राणास मुकली.

बोटीवर दारूगोळा होता, सबब हल्ला न्याय्यच होता, हे म्हणणे याहून अधिक चिवट आहे. रायफलीच्या काडतुसांच्या सुमारे 4200 पेट्या बोटीवर होत्या आणि मालाच्या यादीत त्यांची नोंदही होती, हे निर्विवाद. तथापि व्यापारी बोट थांबवून तिची झडती घ्यावी आणि ती बुडवायचीच झाली तर आधी माणसांना सुरक्षित ठिकाणी पोहोचवावे, हा सागरी युद्धाचा दंडक तेव्हाही रूढ होता. पृष्ठभागावर आलेली पाणबुडी दुबळी ठरते, ही कप्तानांची अडचण खरी. पण तिच्यामुळे माल जप्त करण्याच्या हक्कातून उतारूंचे प्राण घेण्याचा हक्क उपजतो, असे मला मुळीच वाटत नाही. या घटनेने अमेरिका लागलीच युद्धात उतरली, हेही खरे नव्हे. तिने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले ते 6 एप्रिल 1917 रोजी.

असली कृत्ये जर्मनांनीच केली, या समजुतीस दुसऱ्या महायुद्धाची दप्तरे स्पष्ट उत्तर देतात. जानेवारी 1945 मध्ये सोव्हिएत पाणबुडीने 'विल्हेल्म गुस्टलॉफ' ही जर्मन बोट बुडवून हजारो निर्वासितांना जलसमाधी दिली. त्याच वर्षी 1 एप्रिलला, सुरक्षित प्रवासाची हमी मिळालेली जपानी 'आवा मारू' अमेरिकन पाणबुडीने बुडविली, आणि दोन हजारांवर माणसांतून एकच जिवंत राहिला.

हे सारे आपल्यापासून दूरच्या समुद्रांत घडले, असे मानणाऱ्यांनी 'तिलावा'चे स्मरण करावे. 20 नोव्हेंबर 1942 रोजी मुंबईहून मोंबासा, डरबन आदी आफ्रिकेच्या बंदरांकडे निघालेल्या या बोटीवर 958 माणसे होती व उतारू बहुतांशी भारतीय होते. 23 तारखेस जपानी 'आय-29' पाणबुडीचा टॉर्पेडो लागल्यावर होड्या सोडण्यात आल्या. बोट तरंगतच आहे असे पाहून काहीजण परतले, आणि मग दुसऱ्या टॉर्पेडोने ती बुडाली. 280 जण दगावले. उरलेल्यांपैकी बहुतेकांना 'बर्मिंगहॅम' या ब्रिटिश युद्धनौकेने उचलून मुंबईस आणले. आपल्या घरातील कोणी त्या बोटीवर असल्याचे ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकले असेल, त्यांनी ती हकिकत नावगावासह लिहून ठेवावी.