व्होलटाइल म्हणजे कुलूप नव्हे

दोन थ्रेड एकाच व्हेरिएबलवर काम करत असतील तर काय काळजी घ्यावी? सी लिहिणाऱ्या कुणालाही विचारा, 'व्होलटाइल लावायचं, झालं' हे उत्तर ठरलेलं. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी ते देतात, वर्षानुवर्षं नोकरी केलेले देतात आणि, याचा खरा त्रास होतो, शिकवणारेही देतात. हे उत्तर साफ चूक आहे. त्यातून जन्मणारा दोष महिन्यातून एखाद्या वेळी डोकं वर काढतो आणि शोधायला बसलं की गायब होतो. त्यामुळे एकदा हे नीट समजून घेऊ.

सी भाषेतला व्होलटाइल हा कंपायलरला दिलेला आदेश आहे. एखाद्या उपकरणाचं रजिस्टर मेमरीच्या पत्त्यावर दिसत असेल, तर त्यातली किंमत प्रोग्रामने हात न लावताही बदलते. कंपायलरला हे कळत नाही, तो मघाशी वाचलेलीच किंमत पुन्हा वापरतो. 'तसं करू नकोस, दर वेळी खरोखर वाच, खरोखर लिही' एवढंच व्होलटाइल त्याला बजावतो. दुसरा कोअर त्याच वेळी काय करतोय, याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

साधा मोजणीचा काउंटर घ्या. दोन थ्रेड, प्रत्येकाने १० लाख वेळा एक मिळवायचा. उत्तर २० लाख यायला हवं, पण येतं त्याहून कमी, आणि दर वेळी वेगळं. कारण 'एक मिळव' ही प्रोग्राममधली एक ओळ असली तरी त्यात तीन कामं आहेत: मेमरीतून वाचणं, बेरीज करणं, परत लिहिणं. दोघांनी ५ वाचला, दोघांनी ६ लिहिला, की एक बेरीज बुडाली. व्होलटाइल लावल्यावरही ही तीन कामं तीनच राहतात. तात्त्विकदृष्ट्या तर अंतिम उत्तर २ सुद्धा येऊ शकतं. पहिला थ्रेड शून्य वाचून थांबला. दुसऱ्याने शेवटची सोडून सगळ्या फेऱ्या संपवल्या. मग पहिल्याने १ लिहिला, दुसऱ्याने शेवटच्या फेरीसाठी तो १ वाचला. पहिल्याने आपलं उरलेलं काम पूर्ण केलं आणि सगळ्यात शेवटी दुसऱ्याने २ लिहिला. कागदावर मांडून पाहा.

यावर उत्तर येतं, 'काउंटरचं ठीक आहे हो, आम्ही फक्त फ्लॅग ठेवतो. एक लिहितो, दुसरा वाचतो.' इथे मुद्दा क्रमाचा आहे, आणि तो जास्त फसवा आहे. अ आणि ब दोन्ही शून्य आहेत असं धरा. पहिला कोअर अ मध्ये १ लिहितो आणि मग ब वाचतो. दुसरा ब मध्ये १ लिहितो आणि मग अ वाचतो. कुठल्याही क्रमाने विचार केला तरी निदान एकाला तरी १ दिसायलाच हवा. प्रत्यक्षात व्होलटाइल लावूनही साध्या इंटेल प्रोसेसरवर दोघांनाही शून्य दिसू शकतं.

याचं कारण स्टोअर बफर. मेमरीत लिहायला वेळ लागतो, म्हणून कोअर लिहिण्याची नोंद आपल्या बफरमध्ये टाकून पुढच्या कामाला लागतो. कचेरीतल्या कारकुनाने पत्र जावक ट्रेमध्ये टाकलं की त्याच्या लेखी ते गेलेलं असतं, समोरच्याच्या हाती पडलेलं नसतं, तसंच हे. विश्वास बसत नसेल तर इंटेलची स्वतःची नियमपुस्तिका पाहा. आधीच्या लेखनाच्या पुढे नंतरचं वाचन जाऊ शकतं, पत्ते वेगळे असतील तर, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. पीटर सूअल आणि सहकाऱ्यांनी २०१० साली याच वर्तनाचं काटेकोर गणिती प्रारूप मांडलं.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या अभ्यासक्रमात गॅरी पीटरसनची १९८१ची परस्परवर्जनाची पद्धत शिकवतात. दोन फ्लॅग, एक पाळीचं व्हेरिएबल, आणि परीक्षेत हमखास प्रश्न. ती तर्काने अचूक आहे, पण सगळ्या कोअरना लेखन-वाचन एकाच क्रमाने दिसतं असं गृहीत धरून. या गृहीतकाला लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७९ साली नेमकी व्याख्या दिली. आजचे प्रोसेसर ते पाळत नाहीत. फेन्स, म्हणजे क्रम राखायला लावणारी सूचना, न घालता पीटरसनची पद्धत इंटेलवर चालवली, तर दोन्ही थ्रेड राखीव भागात एकदम शिरू शकतात. सिल्बरशाट्झ, गॅल्विन आणि गॅन्य यांच्या पाठ्यपुस्तकाच्या नव्या आवृत्त्यांत हा इशारा दिलेला आहे. तो वर्गात वाचून दाखवायला एक मिनिट पुरेल.

एआरएम प्रोसेसरवर क्रम बदलण्याची सूट आणखी मोठी आहे. आधी माहिती लिहिली, मग 'तयार आहे' हा फ्लॅग लावला, तरी दुसऱ्या कोअरला फ्लॅग आधी आणि माहिती नंतर दिसू शकते. आणि एआरएम म्हणजे दूरची गोष्ट नाही, तुमच्या खिशातला फोन बहुधा त्यावरच चालतो.

व्होलटाइल पुरतं हा समज इतका चिवट का, त्यालाही कारण आहे. जावामध्ये २००४ सालच्या पाचव्या आवृत्तीपासून व्होलटाइल क्रमाची हमी खरोखर देतो. (काउंटर तिथेही चुकतोच.) मायक्रोसॉफ्टचा सी++ कंपायलर इंटेलसाठी आपोआप जादा हमी देतो, एआरएमसाठी देत नाही. म्हणून वर्षानुवर्षं चाललेला कोड मशीन बदललं की कोसळतो. सी आणि सी++ भाषांना स्वतःचं मेमरी मॉडेल २०११ साली मिळालं. त्यानुसार कुलूप किंवा ॲटॉमिक (मध्येच तुटू न शकणारं) लेखन-वाचन न वापरता दोन थ्रेडनी एकाच जागेला हात लावला आणि त्यातला एक लिहिणारा असला, तर प्रोग्रामच्या वर्तनाची कसलीच हमी उरत नाही. व्होलटाइलने त्यात फरक पडत नाही. 'मी फक्त वाचतोय, मला कुलूप कशाला' हेही इथेच निकालात निघतं. लिनक्स कर्नलच्या कागदपत्रांत तर व्होलटाइल का वापरू नये यावर वेगळं प्रकरणच आहे.

बाकीचे समज थोडक्यात. कॅश कोहेरन्स हार्डवेअर सांभाळतं हे खरं, पण ती हमी एका वेळी एकाच जागेपुरती असते; दोन जागांमधल्या क्रमाबद्दल ती काही सांगत नाही. एकच कोअर असला तरी वाचणं आणि लिहिणं यांच्या मधोमध ऑपरेटिंग सिस्टिम थ्रेड बदलू शकते, म्हणजे काउंटर तिथेही चुकतो. कुलूप म्हणजे दर वेळी कर्नलची फेरी, हे लिनक्सवर २.६ आवृत्तीत फ्युटेक्स ही सोय आल्यापासून खरं नाही; भांडण नसेल तर काम एका ॲटॉमिक सूचनेत उरकतं. लॉक-फ्री म्हणजे वेगवान, असंही नाही. एक थ्रेड अडकला तरी कुणीतरी पुढे सरकत राहील, एवढंच ते वचन. मध्ये स्लीप टाकून दोष जात नाही, फक्त दुर्मीळ होतो.

आणि 'आम्ही भरपूर टेस्ट केलंय.' १४ ऑगस्ट २००३ला अमेरिकेतल्या ओहायोत फर्स्टएनर्जी या वीजकंपनीच्या नियंत्रणकक्षातली अलार्म यंत्रणा बंद पडली आणि ती बंद पडल्याचं तिथल्या कर्मचाऱ्यांना कळलंच नाही. अलार्म गेल्यावर जवळपास दोन तासांनी अमेरिका-कॅनडातले सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले. झाडांना टेकलेल्या तारांपासून इतर कारणं होतीच, पण अलार्म मुका झाला तो रेस कंडिशनमुळे: दोन प्रक्रियांना एकाच माहितीवर एकदम लिहायची मुभा मिळाली होती. ते सॉफ्टवेअर त्याआधी ठिकठिकाणी मिळून ३० लाखांहून अधिक तास चाललं होतं आणि हा दोष एकदाही दिसला नव्हता.

कामाचं सांगायचं तर सामायिक माहितीला म्युटेक्स, म्हणजे कुलूप, लावा. एखादाच काउंटर किंवा फ्लॅग असेल तर भाषेतला ॲटॉमिक प्रकार वापरा. तोच गरजेप्रमाणे इंटेलवर लॉक उपसर्गाची आणि एआरएमवर तिथली योग्य सूचना घालतो. जीसीसी आणि क्लँग या दोन्ही कंपायलरांत थ्रेड सॅनिटायझर फुकट मिळतो. तो चालू करून आपला व्होलटाइलवाला प्रोग्राम एकदा पळवा. दोन थ्रेड नेमके कुठल्या ओळींवर एकमेकांना धडकतात, ते तो ओळक्रमांकासह दाखवेल.